क्रूझरचा नारळ

नारळी पौर्णिमेला मांडवीच्या शितपांकडे दोघांना नैवेद्य दाखवला जाई. एक कळकवलीची वाघजाई, आणि दुसरी एच. एम. एस. रॉक्सबी. वाघजाईचा टाक बोटभर होता. रॉक्सबीचा फोटो दीड हात रुंद, सागवानी चौकटीत बसवलेला, त्यामुळे देव्हाऱ्यात देवीला जरा अंग चोरूनच बसावं लागे. आप्पांची बायको कमळाकाकी लग्न होऊन आली तेव्हापासून देवीला एक बोट हळदकुंकू लावत होती आणि रॉक्सबीला चार, कारण तिला तोफा चार होत्या आणि एकीला लावून दुसरीला वगळलं तर आप्पा सायंकाळपर्यंत बोलत नसत.

आप्पांचे वडील महिपत शितप दुसऱ्या महायुद्धात या क्रूझरवर होते. त्यांनी जर्मनांची तीन जहाजं बुडवली, त्यातलं एक आषाढी एकादशीला, निर्जळी उपास असताना. लढाई संपली, बोट मोडीत निघाली, महिपतबाबा कळकवलीला परत आले. एवढ्या भांडवलावर शितपांनी तीन पिढ्या संसार केला. ज्या घराण्यानं तोवर जगबुडी नदीसुद्धा भीतभीत ओलांडली होती, ते 'क्रूझरवाले' झालं. मुली दाखवताना क्रूझर, मुलगे नोकरीला चिकटवताना क्रूझर. शेजाऱ्यानं बांध कोरला तरी त्याला आधी क्रूझरची आठवण करून दिली जाई आणि मग तलाठ्याची.

नारळ द्यायची त्यांची तऱ्हाही वेगळी. इतर लोक पौर्णिमेला सोनेरी कागदातला नारळ हात जोडून अलगद पाण्यावर सोडतात. शितप मांडवीच्या धक्क्यावर उभे राहून, हात खांद्यामागे नेऊन, जीव खाऊन फेकतात. महिपतबाबा तसा फेकायचे म्हणून. खलाशाचा हात तो, असं आप्पा सांगायचे, आणि घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला ही भक्ती चालायला लागला की शिकवायचे. कोळीवाड्यातली माणसं दरसाल लांब सरकून उभी राहत.

यंदा मात्र नारळापेक्षा मोठी वस्तू घरात आली होती. आप्पांच्या पडवीत ताडपत्रीखाली पुरुषभर उंचीचा काळा दगड भिंतीला टेकवून ठेवला होता.

दगड दर्शनचा. दर्शन म्हणजे आप्पांच्या वारलेल्या धाकट्या भावाचा मुलगा. खेडला चिरे-खडीचा धंदा, अंगात जिल्हा परिषदेचं वारं. उद्या सकाळी कळकवलीत वाघजाईच्या देवळासमोर त्या दगडाचं अनावरण होतं. त्यावर महिपतबाबांच्या क्रूझरची संपूर्ण युद्धसेवा कोरलेली होती, नौदलातले एक निवृत्त कॅप्टन पाहुणे म्हणून यायचे होते, आणि पडदा आप्पांच्या हातून ओढला जायचा होता. आप्पांचं भाषण पाठ होतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी नवीन सदरा शिवून घेतला होता, आणि गेले आठ दिवस ते तो घालून आरशासमोर 'माझे पूज्य पिताश्री' म्हणत होते. गावी जाण्याआधी दगडाला घरचं हळदकुंकू लागलं पाहिजे, हा हट्टही त्यांचाच.

सावनी सकाळच्या गाडीनं मुंबईहून उतरली. ती आप्पांची नात, कॉलेजात इतिहास शिकवायची. दगडासाठी क्रूझरची माहिती शोधायचं काम दर्शननं तिच्याकडे दिलं होतं. तिला एका हौशी नौदल-अभ्यासकांच्या संकेतस्थळावर रॉक्सबीचा सालवार इतिहास सापडला होता. तो मराठीत उतरवून तिनं दर्शनला पाठवला. उत्तरादाखल अंगठा आला. नुसता अंगठा. मग ती रोज वाट पाहत राहिली की काका फोन करील, आणि फोन आला नाही. आप्पांना स्वतः सांगायचं धाडस तिला झालं नव्हतं. उद्या चारचौघांत त्यांचं हसं होण्याआधी आज सांगायचं, एवढं ठरवून ती आली होती.

"दर्शनकाका, मी पाठवलेलं वाचलंत ना?" तिनं पडवीतच विचारलं.

"वाचायचं काय त्यात? तू लिहिलंस म्हणजे फर्स्ट क्लासच असणार. तसंच्या तसं कारागिराला फॉरवर्ड केलं. अक्षर बघ काय काढलंय."

"तसंच्या तसं?"

"काना-मात्रा इकडची तिकडे नाही. मी त्याला बजावलंच होतं, एक शब्द गाळलास तर बिल देणार नाही."

सावनी काही बोलणार तोच आप्पा नवीन सदऱ्यात बाहेर आले. त्यांच्यामागे तबक घेऊन कमळाकाकी, आणि सर्वांच्या मागे काठी टेकत कुसुमआते. आप्पांची ही थोरली बहीण, चौऱ्याऐंशीची, संगमेश्वराहून दोन दिवस आधीच येऊन बसली होती. ती खुर्चीत टेकली आणि सुपारी कातरू लागली. दर्शननं ताडपत्री ओढली.

आप्पांची हयात रत्नागिरीच्या कोर्टातल्या नोकरीत गेली होती. समोर मजकूर आला की तो मोठ्यानं आणि ठसक्यात वाचायचा, हा त्यांचा धर्म.

"एच. एम. एस. रॉक्सबी. युद्धसेवेचा इतिहास," त्यांनी सुरुवात केली आणि कौतुकानं दर्शनकडे पाहिलं. "वा. एकोणीसशे चाळीस. हिंदी महासागरात गस्त. शत्रूशी गाठ पडली नाही."

"सुरुवातीला नसंल पडली," दर्शन म्हणाला.

"एकोणीसशे एक्केचाळीस. कोलंबोच्या बंदरात स्वतःच्याच तेलवाहू जहाजावर आदळली. दुरुस्तीसाठी डर्बन." आप्पांचा आवाज किंचित उतरला. "बेचाळीस. डर्बन. दुरुस्ती चालू."

"अजून?" कमळाकाकीनं विचारलं.

"त्रेचाळीस. पाणबुडी समजून देवमाशावर तोफा डागल्या. देवमासा निसटला."

कुसुमआतेचा अडकित्ता थांबला. "मासाच शाना म्हनायचा," ती म्हणाली.

"निसटला हे कशाला लिहायचं, सावनी?" दर्शन कळवळला. "डागल्या एवढंच लिहायचं. पुढचं लोक समजून घेतात."

"एकादशी कुठं आहे?" आप्पांनी चष्मा सारखा केला आणि दगडावर बोट फिरवत शोधलं. "बेचाळिसातली आषाढी. बाबांनी कॅनडी नावाचं जर्मन जहाज बुडवलं ते."

"आप्पा, बेचाळिसात आषाढीला ही बोट डर्बनच्या सुक्या गोदीत होती," सावनी हळू म्हणाली. "तळाचे पत्रे काढलेले होते. तुम्ही आत चला ना, मी नीट सांगते."

पण वाचायला घेतलेला मजकूर अर्धा टाकणं आप्पांना कोर्टातही कधी जमलं नव्हतं. "चव्वेचाळीस. तोफखान्याच्या सरावासाठी लक्ष्य ओढण्याचे काम. सेहेचाळीस, फेब्रुवारी. मुंबईतील हिंदी खलाशांचे बंड मोडण्यासाठी तातडीने रवाना. मुंबई बंदरात दाखल. तोफा किनाऱ्याच्या दिशेने वळवून सज्ज." ते थांबले. मग खाली एकच ओळ उरली होती, तीही त्यांनी वाचली, कारण तीही तितक्याच सुबक अक्षरात होती आणि तिच्या दोन्ही अंगांना कमळं होती. "दर्शनकाका, हे पूर्ण वाचा आणि मगच पुढे काय ते ठरवा. वाचून झालं की मला फोन करा. सावनी."

पडवीतल्या सगळ्यांनी सावनीकडे पाहिलं. बाहेर दगड न्यायला आलेला टेम्पोवाला पान खात होता, त्यानंही मान वळवली.

दर्शनच्या डोक्यात त्या क्षणी महिपतबाबा नव्हते. खेडपासून कळकवलीपर्यंत लावलेले फलक होते, 'क्रूझरच्या वारसाला साथ द्या', आणि त्यावर रॉक्सबीच्या तोफांच्या मध्ये हात जोडून उभा असलेला तो स्वतः. कॅप्टनसाहेबांसाठी खेडला खोली घेतली होती. श्रावण असला तरी मटणाची ऑर्डर गेली होती. त्यानं झरझर विचार केला आणि आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आप्पा, इंटरनेटवर काय, कुणीही काहीही लिहितं. गोऱ्यांनी लिहिलेला इतिहास तो. ते आपल्या माणसाची एकादशी लिहिणार आहेत? ग्राइंडर मागवतो. चाळीस सालापासून खालचं सगळं घासून टाकू, वरचं नाव राहील. उद्या सकाळपर्यंत पॉलिश."

"बरोबर," आप्पा म्हणाले. त्यांना आधाराची काठी मिळाली. "बरोबर बोलतोस. बाबांच्या तोंडून ऐकलंय मी. सावनी, तू चार बुकं शिकलीस म्हणून पणजोबांना खोटं पाडायला निघालीस?"

"पणजोबांना नाही पाडत मी. पण आप्पा, या बोटीवर आपला एकही माणूस नव्हता. सगळे गोरे. उद्या ते कॅप्टन दोन प्रश्न विचारतील आणि त्यांना कळेल. तुम्ही तिथं माइकसमोर उभे असाल. मला ते बघवणार नाही."

"मग बाबा कुठं होते? आं? सात वर्षं काय लपूनछपून बसले होते?"

"ते मला नाही ठाऊक."

"पन्नास वर्षं मी त्या बोटीला कुंकू लावते आहे," कमळाकाकी मध्येच म्हणाली. तिनं तबक खाली ठेवलं होतं. "चार-चार बोटं. ती मुंबईवर तोफा रोखायला आली होती होय? सावनी म्हणते ते मला ऐकायचंय. ग्राइंडर-बिइंडर माझ्या पडवीत चालणार नाही."

म्हणजे आता दोन विरुद्ध दोन झाले. उरली कुसुमआते. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, तसं तिनं कातरलेली सुपारी पुन्हा डबीत टाकली.

आवशीला, म्हणजे आईला, दिलेला शब्द तिनं सत्तर वर्षं पाळला होता. खरं तर पाळायला फार कष्ट पडले नव्हते, कारण घरात आप्पा इतका बोलायचा की बाकीच्यांना गप्प बसणं सोपं होतं. पण आज ग्राइंडरचं नाव निघालं आणि तिला संताप आला. जे खोटं होतं ते राहणार होतं, आणि चुकून का होईना जे खरं कोरलं गेलं होतं तेवढंच घासलं जाणार होतं.

"आप्पा, बस खाली," ती म्हणाली. "बाबा त्या बोटीवर नव्हता. ती बोट बाबावर आली व्हती."

आप्पा बसले नाहीत.

"बाबा मुंबईत नेवीच्या बराकीत भटारखान्यात व्हता. सगळी लढाई त्यानं गोऱ्या सायबांची आमटी घोटली. आपल्या पोरांना डाळीत खडे नि भातात अळ्या. सेहेचाळिसात पोरांनी ताटं फेकली, बंड केलं. बाबानंपन चूल इझवली. तर ही तुझी रॉक्सबी आली समोर नि तोफा फिरवून उभी ऱ्हायली. पोरांनी हाताला गावंल ते घेतलं. बाबाच्या हाताला काय गावनार? सायबांच्या आमटीसाठी आनलेला नारळ. भिंतीवर चढला नि मारला नारळ बोटीवर. आवशीला सांगायचा, 'पोचला नाय गो.' येवढंच सांगायचा. पोचला नाय."

"ताई, हे तू काय बोलतेस?"

"खरं ता बोलतंय. मंग धरला, कोंडला, बिल्ला काढून घेतला नि हाकलला. स्वराज्य आलं तरी परत घेतला नाय कुनी. गावात म्हनायचे, महिपत पळून आला. तू साळंत जायला लागलास नि पोरं तुला चिडवायची, पळपुट्याचा पोर. रडत घरी यायचास. आवस बाबाला म्हनाली, पोराला काय तरी सांगा. बाबाला राग आला व्हता. म्हनाला, 'सांग त्याला, बापूस मोठ्या बोटीवर व्हता.' कंच्या? तर जी एकच बोट त्याच्या डोल्यांसमोर ऱ्हायली व्हती तिचंच नाव घेतलंन. तिथनं पुढं तूच सगळं केलंस. तीन जहाजं तुझी. एकादशीपन तुझीच, सातवीच्या निबंधातली. मास्तरांनी वाचून दाखवला नि गावानं खरी मानली."

आप्पा आता बसले. नव्या सदऱ्याची घडी मोडली.

"पण मग बाबांनी मला कधीच—" ते म्हणाले. "मी मुंबईच्या जुन्या बाजारातून हा फोटो हुडकून आणला. पहिल्या पगारातून. देव्हाऱ्यात मांडला, बाबांना हाताला धरून दाखवला. ते काही म्हणाले नाहीत."

"त्या दिवसापासून बाबा देवघरात गेला का कधी?"

आप्पांनी आठवून पाहिलं. महिपतबाबा देवाला बाहेरूनच, उंबऱ्यापलीकडून नमस्कार करायचे. गुडघे दुखतात, पायरी चढवत नाही, म्हणायचे. आणि त्याच गुडघ्यांनी सत्तराव्या वर्षापर्यंत माडावर चढून नारळ उतरवायचे. हे घरातल्या प्रत्येकानं पाहिलं होतं आणि एकालाही त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. आप्पांना लाज वाटली. इतकी, की समोर बायको आणि नात उभ्या आहेत हे विसरून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

दर्शनचं तोंड मात्र उजळत चाललं होतं.

"म्हणजे आजोबा बंडातले!" तो म्हणाला. "म्हणजे स्वातंत्र्यसैनिकच की. आते, हे आधी सांगायचंस ना. क्रूझरपेक्षा हे भारी आहे." त्यानं फोन कानाला लावलासुद्धा. "हॅलो, महेशबॅनर? ऐक, क्रूझर काढ. हो, सगळीकडची. बंड टाक. तोफा राहू दे, फक्त माझं तोंड तोफांच्या विरुद्ध बाजूला कर. आणि खाली—"

"ठेव तो फोन," आप्पा म्हणाले.

त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण दर्शननं फोन ठेवला. पाच मिनिटांपूर्वी हे दोघे एका बाजूला होते, हे कमळाकाकीनं मनात टिपून घेतलं.

आप्पा पुढे म्हणाले, "बाबांना हाकललं आणि ते घरी आले तेव्हा गावानं त्यांना पाणी विचारलं नाही. त्यांच्या मुलानं त्यांच्या देवघरात त्यांचा वैरी मांडला आणि वर आशीर्वाद मागितला. आता नातवानं त्यांना फलकावर चढवायचं? त्यांना एकदा तरी विचारलंत का कुणी, त्यांना काय हवं होतं?"

"मग उद्याचं काय, आप्पा? कॅप्टनसाहेबांना काय सांगू? दगडाचं काय?"

"दगडाचं मी सांगते," कुसुमआते म्हणाली. "वाघजाईच्या विहिरीवर धुन्याचा दगड फुटून चार वर्षं झाली. बायका चिऱ्यावर कापडं घासतात नि फाटली की नवऱ्याला शिव्या देतात. हा पालथा घाल. पाठ गुळगुळीत हाय. कापडं फाटायचीसुद्धा नायत."

"ग्रॅनाइट आहे तो, आते! पॉलिश केलेला!"

"म्हनूनच तर."

आप्पांनी दगडाकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पालथा," ते म्हणाले. "उद्या मी भाषण करणार नाही. विहिरीवर बायका असतील, त्यांना सांगेन बाबा कोण होते. कॅप्टनांना यायचं तर त्यांनीही यावं. तू आलास तर दगड उचलायला माणूस लागेलच."

मटणाची ऑर्डर रद्द करावी की बायकांना जेवू घालावं, एवढा एकच प्रश्न दर्शनपुढे उरला. आणि विहिरीवरच्या बायकांनाही मत असतं हे त्याला थोड्या वेळानं सुचलं, तेव्हा तो पुष्कळ सावरला.

कमळाकाकी देवघरात गेली. तिनं रॉक्सबी चौकटीसकट खाली उतरवली, काच उघडली, फोटो काढून चुलीजवळच्या रद्दीत टाकला आणि चौकट पुसून ठेवली, कारण सागवान होतं. मग वाघजाईचा टाक मधोमध सरकवला.

ऊन उतरलं तसे सगळे मांडवीच्या धक्क्याला निघाले. धक्क्यावर गर्दी होती, ढोल वाजत होते, कोळणी नटून आल्या होत्या. क्रूझरवाले आलेले दिसताच कोळीवाड्यातली माणसं सवयीनं बाजूला झाली.

आप्पा कठड्याशी उभे राहिले. दरवर्षी इथं ते डोळे मिटून रॉक्सबीला वंदन करत आणि मग हात खांद्यामागे नेत. किती मुलांना त्यांनी हे शिकवलं होतं! कोपर वर, पाय रुतवून, पूर्ण भक्तीनं. वडिलांच्या दगडफेकीची त्यांनी पूजा बांधली होती. आणि वडील शेजारी उभे राहून ते सगळं बघत, स्वतःचा नारळ घेऊन, गुपचूप.

सावनीनं त्यांच्या हातात नारळ दिला. आप्पांनी त्यावरचा सोनेरी कागद सोलून काढला आणि खिशात घातला. दर्शननं फोन वर धरला होता. सावनीनं त्याच्याकडे पाहिलं तसा त्यानं तो खाली घेतला, फार खाली नाही.

आप्पांनी पाय रुतवले. खांदा दुखत होता. त्यांनी कोर्टात फक्त इतरांच्या जबान्यांमध्ये वाचलेली एक शिवी, जन्मात पहिल्यांदा, स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं दिली आणि नारळ फेकला. तो धक्क्यापासून जेमतेम चार हातांवर, एका मचव्याच्या शेपटीशी, धबकन पडला. मचव्यातल्या माणसानं वर बघून काहीतरी म्हटलं.

कुसुमआते काठीवर हनुवटी टेकून बसली होती. तिला आता लांबचं दिसत नसे.

"पोचला काय रे?" तिनं विचारलं.

आप्पांनी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. खाडीच्या तोंडापर्यंत एकही लढाऊ बोट नव्हती. नारळ लाटेबरोबर पुन्हा धक्क्याकडेच येत होता.

"पोचला," आप्पा म्हणाले.